सकाळच्या बॅचला गेलेली माणसं

भिंगारच्या बाजारात सत्तावीस वर्षं लष्करी गणवेश शिवल्यावर शमशेरमामाच्या डोळ्यांतच टेप बसली होती. छावणीतला जवान दुकानाची पायरी चढेपर्यंत मामाने त्याची छाती, कंबर आणि सुट्टीत आईने खाऊ घातलेलं तूप, तिन्ही मोजलेलं असायचं. पुढे गणवेश तयार होऊन खोक्यांतून यायला लागले, दुकानाचं शटर खाली आलं आणि पन्नाशी ओलांडलेला शमशेर गावाच्या टोकाला असलेल्या एका धर्मादाय डायलिसिस सेंटरात वॉर्डबॉय म्हणून लागला. दवाखान्यात वॉर्डबॉयला मामाच म्हणतात. घरी एकही भाचा नसताना तो शमशेरमामा झाला तो असा.

टेप मात्र डोळ्यांतून गेली नाही. डायलिसिसच्या माणसाची किडनी काम करत नाही. पोटात गेलेलं पाणी बाहेर पडत नाही, अंगातच साठतं. खाटेवर घेण्याआधी वजन करायचं, किती वाढलं ते बघायचं आणि तेवढं पाणी मशीनने काढायचं, असा सगळा कारभार. मामा काट्याच्या आधीच निकाल सांगून मोकळा व्हायचा.

"हनुमंतराव, दोन किलो आठशे. ऊस खाल्ला का?"

हनुमंत म्हणायचा, कुठला ऊस, वासपन घेतला न्हाई. काटा म्हणायचा, दोन सातशे ऐंशी. मग हनुमंत खाली बघून चप्पल काढता काढता म्हणायचा, रस घेतला. एक गलास. म्हंजी अर्धा. म्हंजी पोराचा उरलेला.

खोलीत सहा खाटा, सहा मशीन आणि समोरच्या भिंतीवर एक टीव्ही. हनुमंतचे वार सोमवार, बुधवार, शुक्रवार; बाकीच्या वारी दुसरे पेशंट. सकाळची बॅच सातला लागायची, दुपारची, म्हणजे हनुमंतची, बाराला, आणि मामा दोन्हींना असायचा. चार तास सुया टोचलेला हात हलवायचा नाही, त्यामुळे टीव्हीवर काय लावायचं हा वॉर्डातला सगळ्यात मोठा वाद. आधी बातम्या असायच्या. पण हनुमंत सुप्याच्या एमआयडीसीत नट कसायच्या लाइनवर होता, आणि टीव्हीवर कुठल्याही पक्षाचा माणूस बोलायला लागला की त्याला मोकळ्या हाताने काहीतरी कसावंसं वाटायचं. त्याचं बीपी चढायला लागलं तेव्हा इनचार्ज सिमरन सिस्टरने बातम्या बंद केल्या. मग सासू-सुनांच्या मालिका आल्या. त्या राहीबाईने बंद पाडल्या. ती म्हणाली, आमच्या घरी हाय की ही मालिका, आन जाहिरातीबी न्हाईत. शेवटी शाहरुखने तिढा सोडवला. शाहरुख चोवीस वर्षांचा, टेम्पो चालवणारा. आता त्याच टेम्पोत शेजारच्या सीटवर बसून डायलिसिसला येणारा. त्याने मोबाइलवरून टीव्हीवर एक मराठी कार्टून लावलं. त्याचं नाव 'डरावमंडळ'.

जुन्या बारवेत राहणाऱ्या बेडकांची गोष्ट. त्यांचा पुढारी फुगेराव दर भागात पायरीवर चढायचा, घसा खाकरायचा, "मंडळी, आपल्याला दूरदृष्टी पाहिजे," असं म्हणत छाती फुगवायचा आणि पुढची पायरी न दिसल्याने धपकन पाण्यात पडायचा. पाणी पार काठापर्यंत उडायचं. झालं, एवढंच. दिवसाला पाऊण लिटर पाण्यावर जगणारी सहा माणसं ते उडालेलं पाणी बघून ओठांवर जीभ फिरवत अशी हसायची की कुणाचा तरी हात हलून मशीनचा अलार्म वाजायचा, आणि सिस्टर ओरडायची, आणि ती माणसं आणखी हसायची.

तिसऱ्या सीझनला काहीतरी बिनसलं. ते पहिल्यांदा पकडलं काकासाहेबाने. काकासाहेब चार नंबरच्या खाटेवरचा, एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं बसलेला, आणि म्हणून सेंटरच्या काट्यावर अजिबात विश्वास नसलेला माणूस. एका शुक्रवारी तो म्हणाला, "पानी एक पायरी खाली गेलंय." सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. पुढच्या शुक्रवारी नवा भाग आला तेव्हा आणखी एक पायरी उघडी पडली होती, हिरवट, शेवाळलेली. मग दर शुक्रवारी सहाही जण पायऱ्या मोजायला लागले. फुगेराव अजून पडत होता, पण आवाज धपकन येत नव्हता, ठप्प असा येत होता. गाणी कमी झाली. बेडूक वाक्य अर्धं सोडून वर आभाळाकडे बघायला लागले.

भागाखाली लोकांच्या कमेंटींचा नुसता पूर. शाहरुख त्या वाचायचा आणि ज्याची त्याची ढब काढायचा. पुण्याची कुणी बाई नाकातून विचारायची की बालमनावर याचा काय परिणाम होईल, हे निर्मात्यांनी लक्षात घेतलं आहे का. कोल्हापूरचा कुणी दम द्यायचा की बेडकास्नी रडवायचं न्हाई, सांगून ठिवतो. एकाने लिहिलं होतं, "लिहून ठेवा, शो आता सिरीयस ट्रॅकवर गेला. शेवटच्या भागात बारव कोरडी." त्याखाली दोनशे जणांची हमरीतुमरी, आणि सगळ्यात शेवटी कुणीतरी लिहिलेलं, "कार्टून आहे भावा, पाणी पी." यावर वॉर्ड जितका हसला तितका फुगेरावावरही कधी हसला नव्हता.

वॉर्डातही दोन तट पडले. हनुमंतचं म्हणणं, ही सगळी गंमत आहे, आता एखादा मिस्त्री बेडूक येईल, गळती काढील आणि पुन्हा धपाधप चालू. काकासाहेबाचं म्हणणं, वरच्या शेतात कुणीतरी बोअर मारली आहे, ती दाखवत नाहीत, पण दाखवतील. आता ह्या गोष्टीत हसू उरलं न्हाई. राहीबाई काकासाहेबाच्या बाजूची.

राहीबाई तीन नंबरची. करंजी घाटाच्या पलीकडच्या एका वाडीवरून भाच्याच्या जीपने यायची. पासष्टीची, सडसडीत, डोक्यावरचा पदर मशीनवरसुद्धा ढळू न देणारी. दोन वर्षांपूर्वी चार वेळा डायलिसिस करून ती म्हणाली होती की बास झालं, असं आठवड्यातून तीनदा मरायला यायचं त्यापेक्षा एकदाच घरी मरते. तेव्हा काकासाहेबाने शेजारच्या खाटेवरून तिला अडवलं होतं. "जवर मी येतोय तवर तुमी यायचं, राहीबाई. मी थांबलो की तुमी सुटल्या." ती म्हणाली, शब्द? तो म्हणाला, शब्द. सगळ्या वॉर्डाने ऐकलं होतं. तेव्हापासून राहीबाईने एक पाळी चुकवली नव्हती. एकदा घाटात झाड पडलं तेव्हा ते ओलांडून पलीकडच्या दुधाच्या गाडीत बसून आली होती.

आणि काकासाहेब एका रविवारी पहाटे गेला.

मामाला दुपारी कळलं, काकासाहेबाच्या मुलाच्या फोनवरून. मामा मातीला जाऊन आला. सोमवारी दुपारची बॅच लागली, चार नंबरच्या खाटेवर नवी चादर होती आणि राहीबाईने विचारलं, "काकासाहेब कुठं ऱ्हायले?"

मामाच्या तोंडून नेहमीचंच वाक्य निघालं. "सकाळच्या बॅचला गेले, आक्का."

हे वाक्य मामाचंच होतं. सहा वर्षांपूर्वी गहिनीनाथ नावाचा एक पेशंट गेला तेव्हा शेजारचा थरथरत विचारत होता, आणि मामाला काहीतरी शिवून द्यायचं होतं, पटकन, उघडं दिसू नये असं. त्याने सांगितलं, दुपारच्या बॅचला गेला. शेजारच्याची थरथर थांबली. पुढे ते अंगवळणी पडलं. सकाळचं कुणी गेलं की ते दुपारी यायला लागायचं, दुपारचं गेलं की सकाळी. मामाच्या सांगण्याप्रमाणे सगळे खरंच आले असते तर खाटा व्हरांड्यात टाकाव्या लागल्या असत्या. पण वॉर्डात एक रीत होती. एकदा विचारायचं, उत्तर ऐकायचं, मान हलवायची आणि परत विचारायचं नाही.

राहीबाईने परत विचारलं. बुधवारी विचारलं, शुक्रवारी विचारलं. सकाळी कसं जमतं त्यांना, एवढ्या लांबून? मामा म्हणाला, मुलाला लवकर कामावर जायचं असतं, तो सोडून जातो. म्हणजे एका टाक्याला दुसरा टाका. राहीबाईकडे काकासाहेबाच्या घरचा नंबर नव्हता. बाईमाणसाने गड्याचा नंबर कसा मागायचा, म्हणून दोन वर्षांत तिने मागितला नव्हता. पुढच्या सोमवारी तिने मामाच्या हातात डबा दिला. दोनदा पाणी काढून शिजवलेली भाजी, किडनीच्या माणसाला चालते तशी, आणि दोन पातळ भाकरी. "त्यास्नी द्या. सून धड खायाला घालत न्हाई म्हनायचे."

मामाने डबा घेतला. न घेऊन काय सांगणार. पाच वाजता ड्युटी सुटल्यावर तो पाण्याच्या प्लांटच्या खोलीमागे पायरीवर बसला. अन्न टाकवेना म्हणून त्याने ते खाल्लं. घरी डबा शकिलाने घासला. शकिला म्हणजे मामाची बायको, आणि तिच्या घरातून परक्याचा डबा कधी रिकामा परत गेला नव्हता. कुणा पेशंटने प्रेमाने दिला असेल असं समजून तिने त्यात गुळाचे चार गुलगुले तळून घातले आणि झाकण लावलं. मामाने ते बघितलं. वाटेत काढून टाकता आले असते. त्याने काढले नाहीत, आणि का नाही काढले ते त्याला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही.

शुक्रवारी राहीबाईने खाटेवर एका हाताने डबा उघडला आणि गुलगुले बघून तिचं तोंड असं उजळलं की मामा थर्मामीटर झटकत भिंतीकडे वळला. तिने सगळ्या वॉर्डाला सांगितलं. काकासाहेबाची सून सुधारली. गडी सकाळी जायला लागला आन घरातलं वळन बदललं. खा रे, शाहरुख, अर्धा खा.

नेमका त्याच दिवशी फुगेराव गायब झाला. नवा भाग सुरू झाला, बारव दिसली, सात पायऱ्या उघड्या, आणि ज्या दगडावर तो बसायचा तो दगड रिकामा. भागभर कुणी त्याचं नाव काढलं नाही. बाकीचे बेडूक त्या दगडाला वळसा घालून जात होते. बारा मिनिटं संपली, नावं वर सरकायला लागली.

मग सगळे एकदम बोलले. शाहरुखने कमेंटी उघडल्या तर तिथे आग लागलेली. कुणी म्हणत होतं बगळ्याने खाल्ला, आधीच्या भागात कोपऱ्यात सावली होती, थांबवून बघा. कुणी म्हणत होतं, उन्हाळ्यात बेडूक मातीत खोल जाऊन बसतात, तसा बसलाय, शेवटी वर येणार. हनुमंत म्हणाला, आवाज देणाऱ्याचं लग्न असंल, रजेवर गेला असंल.

"मेला त्यो," राहीबाई म्हणाली.

हनुमंतने वाद घातला की मेला असता तर दाखवलं असतं, रडारड केली असती, तेवढंच लोकांनी जास्त बघितलं असतं.

"घाबरत्यात दावायला. त्यास्नी वाटतं, बघनाऱ्याला सोसायचं न्हाई." राहीबाई दगडाकडे बघत होती, थांबलेल्या चित्रातल्या. "आपलं ऱ्हाऊ द्या. त्या बाकीच्या बेडकास्नी तरी सांगावं का न्हाई? कशी वळसा घालून जात्यात बिचारी." आणि लगेच मामाकडे मान वळवून म्हणाली, "काकासाहेबास्नी म्हनावं, सुनेला आता नावं ठिवू नका."

मामाने हो म्हटलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने सिस्टरला बीपीचा आकडा चुकीचा सांगितला.

डबा चालूच राहिला. दर सोमवारी भाजी जायची, दर शुक्रवारी शकिलाचं काहीतरी यायचं. डरावमंडळ आणखी चार भाग पुढे गेलं. पायऱ्या अकरा झाल्या, फुगेरावाचं नाव नाही. कमेंटींत लोक आता एकमेकांच्या गावावर घसरले होते. वॉर्डात मात्र वाद मिटत आला होता. हनुमंतसुद्धा मिस्त्री बेडकाचं नाव काढेनासा झाला. तो एवढंच म्हणायचा, "हसवायचं म्हनून बोलवलं आन दार लावून घेतलं."

डब्याच्या सहाव्या सोमवारी राहीबाईने सिमरन सिस्टरला विचारलं की तिला सकाळच्या बॅचला घेता येईल का. भाचा पहाटे भाजी घेऊन नगरला येतोच, त्याच्या सोयीचं होईल. सिस्टरने वही बघितली. सकाळची एक खाट बुधवारपासून मोकळी होती. सिस्टर हो म्हणाली आणि मग औषधाच्या कपाटापाशी मामाला गाठून हळू आवाजात म्हणाली, "तुमचं तुम्ही निस्तरा, मामा. मी कुणाला कुठे पाठवलेलं नाही."

मामाने वेळ निवडली ती मशीन सुटल्यानंतरची. सुया काढल्या की दहा मिनिटं कापूस दाबून बसावं लागतं, उठता येत नाही. हे त्याच्या लक्षात होतं की नव्हतं, देव जाणे. राहीबाई दंड धरून बसली होती. मामा स्टुलावर बसला.

"आक्का, काकासाहेब सकाळच्या बॅचला नाहीत. वारले ते."

ती कापसाकडे बघत होती. "कवा?"

"सहा आठवडे झाले. रविवारी पहाटे."

"आन माजी भाजी?"

"मी खाल्ली."

"समदी?"

"सगळी."

"ते गुलगुले?"

"आमच्या घरातले."

तिने कापूस उचलून बघितला. रक्ताचा एक थेंब आला, तिने परत दाबला. "मीठ कमी पडत हुतं का?"

"नाही, आक्का. बरोबर होतं."

दहा मिनिटं झाली तशी ती उठली, पदर सारखा केला. दारात थांबून म्हणाली, "मंग मी सुटले की, भाऊ." आणि भाच्याच्या मागे चालती झाली.

घरी मामाने शकिलाला सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की तुम्ही खोटं बोलला ते बोलला, माझ्या हातून त्यात गूळ घालून घेतला.

बुधवारी राहीबाई आली नाही. सकाळीही नाही, दुपारीही नाही. सिस्टरने भाच्याला फोन केला. भाचा म्हणाला, ती न्हाई म्हनती, तिचा काय शब्द हुता त्यो संपला म्हनती, तुमाला म्हाईत हाय म्हनं. शुक्रवारीही ती आली नाही. हनुमंतने मामाला विचारलं, "राहीबाई?" मामाच्या जिभेवर वाक्य तयार होतं. ते त्याने गिळलं आणि पाण्याची बाटली घ्यायला गेला, तिकडेच थांबला.

शनिवारी रजा टाकून तो पाथर्डी रोडच्या एसटीत बसला. वाडीच्या फाट्यावर उतरून एक मैल चालला. अंगणाच्या दारातूनच त्याला राहीबाई दिसली, भिंतीला उशी लावून ताठ बसलेली. आडवं होता येत नव्हतं, दम लागत होता. डोळे सुजून बारीक झाले होते, बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. साडेपाच किलो, टेप म्हणाली. मामाला त्या टेपेचा पहिल्यांदा राग आला.

तिने त्याला बस म्हटलं नाही. तो उंबऱ्यावर बसला.

"कसा गेला ते सांगा," ती म्हणाली. "काय गाळायचं न्हाई."

मामाने सांगितलं. काकासाहेबाच्या मुलाकडून ऐकलेलं आणि स्वतः बघितलेलं, सगळं. शनिवारी संध्याकाळी काकासाहेब बांधापर्यंत चालून आला होता. पहाटे उठून अंगणात बसला आणि सुनेला चहा मागितला. रोज अर्धा कप मिळायचा. त्या दिवशी सुनेने भरून दिला, तिला नाही म्हणवलं नाही. त्याने दोनदा फुंकर घातली, सगळा प्यायला, चांगला झालाय म्हणाला. ती कप न्यायला आली तेव्हा तो भिंतीला टेकलेला होता आणि कप मांडीवर सरळ होता. मातीला कारखान्यातले काट्यावरचे तिघे म्हातारे आले होते. अग्नी धाकट्याने दिला, थोरला सुरतेहून पोचला नव्हता. मामा मागे उभा होता, टोपी घालून.

"भरून दिला सुनेनं?"

"भरून दिला."

"मंग सुधारलीच हुती ती," राहीबाई म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला. बऱ्याच वेळाने तिला पुन्हा श्वास पुरला. "मला मातीला न्यायचं हुतं, भाऊ. दोन वर्सं शेजारी झोपले मी त्यांच्या. एवढ्या जवळ माजा भाऊबी कधी झोपला न्हाई. आन सहा आठवडं तुमी मला रिकाम्या दगडाला भाकरी घालाय लावली."

मामा उंबऱ्यावरून उठला. तो म्हणाला, चला आक्का, भाच्याला जीप काढायला सांगतो. ती म्हणाली, शब्द मोकळा झालाय माजा. तो म्हणाला, झाला. मग अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत त्याने मनातलं बोलून टाकलं.

"तुम्ही नाही आलात तर सोमवारी हनुमंत परत विचारेल. आणि मी सांगेन, राहीबाई सकाळच्या बॅचला गेल्या. माझं मला माहीत आहे. मला दुसरं येतच नाही."

राहीबाईने सुजलेले डोळे जमतील तेवढे उघडले. "मला न्हाई धाडायचं तिकडं."

"मग चला."

तिला उठायला दोघांचे हात लागले. जीपमध्ये चढताना तिने अट घातली, तुटक श्वासात, एकेक शब्द करून. एक डाव येते. पुढचं पुढं. पन सोमवारी तुमी समद्यांसमोर सांगायचं, माज्या खाटंपाशी हुबं ऱ्हाऊन. सिमरन सिस्टरने शनिवारची शेवटची बॅच संपल्यावर तिच्यासाठी मशीन लावलं आणि मामाला एक शब्द बोलली नाही.

सोमवारी दुपारी सहाही खाटा लागल्या. शाहरुख नाराज होता. डरावमंडळवाल्यांनी पुढचा भाग लांबवला होता, आणि कमेंटींत लोक म्हणत होते की शेवट बदलताहेत, घाबरले. त्याने पहिल्या सीझनचा एक जुना भाग लावला. मामाने रिमोट घेऊन आवाज बंद केला आणि तीन नंबरच्या खाटेपाशी उभा राहिला.

"काकासाहेब वारले," तो म्हणाला. "सकाळच्या बॅचला गेले असं मी सांगितलं होतं. ते खोटं होतं."

मशीनचे पंप गरगरत राहिले. मग हनुमंत वर पंख्याकडे बघत म्हणाला, "छबूबाई?"

"त्यापण. दिवाळीच्या आधी."

"गहिनीनाथ दुपारी यायला लागला म्हनून मी पहिल्यांदा दुपारची बॅच घेतली हुती," कोपऱ्यातल्या पाच नंबरच्या म्हाताऱ्याने सांगितलं. "आल्यावर बघितलं तर न्हाई. तुमी म्हनाला, परत सकाळी गेला."

"तो सहा वर्षांपूर्वीच गेला, बाबा."

म्हाताऱ्याने मान हलवली, फारसा धक्का न बसल्यासारखी. मग एकेक नाव येत गेलं, आणि मामा एकेकाचा महिना सांगत गेला. कुणी घरी, कुणी ससूनला, कुणी रस्त्यात. शेवटी शाहरुखने विचारलं, आवाज बारीक करून, "उझैर?"

उझैर त्याच्या वयाचा. फेब्रुवारीपर्यंत सहा नंबरच्या खाटेवर होता, दोघं मोबाइलवर गेम खेळायचे. मग त्याच्याबद्दलही मामाने तेच वाक्य सांगितलं होतं.

"उझैर आहे," मामा म्हणाला. "तो खरंच सकाळच्या बॅचला येतो. आज आला होता."

शाहरुखने मामाकडे बघितलं आणि मान भिंतीकडे फिरवली.

"खरं सांगतोय, शाहरुख. त्याचा फोन फुटलाय, म्हणून लागत नाही. त्याच्या अब्बाचा नंबर देतो तुला."

"राहू द्या, मामा," शाहरुख भिंतीला म्हणाला. "आज खरं बोलायचं ठरलं होतं ना."

मामाने हनुमंतकडे बघितलं, हनुमंत पंख्याकडेच बघत होता. सिस्टरने दारातून सांगितलं की उझैर आहे, मी स्वतः सुई लावली सकाळी. पण सिस्टरवरही कुणाचा विश्वास दिसेना. ती तरी एवढी वर्षं कुठे काही बोलली होती.

"मी बघते," राहीबाई म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. ती पडल्या पडल्या बोलत होती, आवाजात अजून जोर आला नव्हता. "बुधवारी मी सकाळी येते. माज्या डोळ्यानं बघते. आसला तर सुटल्यावर दुपारपातूर थांबून ह्या पोराला सांगते. माजा तरी इस्वास हाय ना रे, शाहरुख?"

शाहरुखने भिंतीकडे तोंड असतानाच मान डोलवली.

मामा व्हरांड्यात आला. आत कुणीतरी आवाज चालू करा म्हणत होतं. त्याने उझैरच्या अब्बाचा नंबर लावला आणि उझैरला द्या म्हणाला. सकाळी उझैर काट्यावर चढण्याआधीच त्याला दिसलं होतं: साडेतीन किलो, पायाला बोट लावलं तर खड्डा, गेल्या आठवड्यात दोन पाळ्या बुडवलेल्या.

"पाणी किती पितोस रे?" मामाने विचारलं. उझैर हसला आणि म्हणाला की गर्मी किती आहे, मामा. मामाने त्याला शिव्या दिल्या, कधी दिल्या नव्हत्या तशा. उझैरने विचारलं की झालं काय.

"बुधवारी सातला ये," मामा म्हणाला. "सातच्या आधी ये. टेम्पो नाही मिळाला तर मला फोन कर, मी न्यायला येतो. ऐकलं का? बुधवारी तू मला त्या खाटेवर दिसला पाहिजेस."